कंसात काय, कंसाबाहेर काय : अणुभट्टीचा परवाना आणि कंपन्यांची तांत्रिक गुपिते

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाकडे वेस्टिंगहाउस कंपनीने दाखल केलेल्या एखाद्या तांत्रिक अहवालाची जाहीर प्रत उघडून पाहावी. सुरुवातीची पाने नेहमीसारखी असतात. विषय, पार्श्वभूमी, इंधनकांड्यांची रचना. मग एका वाक्याच्या मध्येच चौकोनी कंस उघडतो, आत पांढरी जागा, कंस मिटतो आणि त्याच्या खांद्यावर बारीक टायपात ए आणि सी ही रोमन अक्षरे बसलेली असतात. वाक्य पुढे चालू राहते. कुठे एखादा आकडाच गेलेला असतो, कुठे आलेखाची नुसती चौकट उरलेली असते, कुठे सबंध पान कोरे. अहवालाच्या क्रमांकाला एनपी असे शेपूट असते. पी हे शेपूट असलेली त्याच अहवालाची दुसरी प्रत आयोगाच्या अभियंत्यांकडे असते आणि तिच्यात काहीही गाळलेले नसते.

ती अक्षरे कारणे सांगतात. अहवालासोबत कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र असते आणि त्यात ए ते एफ अशी कारणांची यादी असते. ए म्हणजे एखाद्या प्रक्रियेचे, भागाचे किंवा पद्धतीचे असे वेगळेपण, जे प्रतिस्पर्ध्याच्या हाती आयते पडले तर कंपनीची आघाडी जाईल. बी म्हणजे त्याला आधार देणारी चाचण्यांची आकडेवारी. सी म्हणजे अशी माहिती, जी मिळाल्यावर दुसऱ्याचा वेळ आणि पैसा वाचेल. पुढची अक्षरे किमती, संशोधनाचे बेत आणि पेटंटयोग्य कल्पना यांच्यासाठी. प्रत्येक रिकाम्या जागेमागे कोणीतरी नावानिशी उभे आहे. या क्षेत्रातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ‘गोपनीय’ असा शिक्का मारून इथे सुटका होत नाही; का गोपनीय, ते शपथेवर लिहून द्यावे लागते.

या अभ्यासाकडे लोक वेगवेगळ्या वाटांनी येतात. कायद्याच्या विद्यार्थ्याला व्यापारी गुपितांचा कायदा ठाऊक असतो, पण इंधनकांडीच्या आवरणाचे तापमान मोजण्याची पद्धत गुपित का असावी, हे त्याला उमगत नाही. अभियंत्याला ती पद्धत कळते, पण ती पाहण्याचा हक्क गावातल्या शाळामास्तरालाही असू शकतो, हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. पत्रकाराला कोरी पाने दिसली की काहीतरी दडवले जात असल्याचा वास येतो. कधी तो खराही असतो. तिघांचेही इथे काम आहे. त्यांच्यापुढे सुरुवातीलाच माझे मत ठेवतो : गुपित कंपनीचे असू शकते, पण भट्टी सुरक्षित का आहे याचा युक्तिवाद कंपनीच्या मालकीचा नसतो. कंस कुठे उघडतो आणि कुठे मिटतो, याचा ओळीओळीने केलेला निवाडा म्हणजे हा विषय.

एक गल्लत आधी दूर करायला हवी. अणुऊर्जेतले सगळे गुपित एकाच जातीचे नसते. बॉम्बशी संबंध असलेले ज्ञान सरकारचे गुपित असते. पहारा, कुंपण, घातपात रोखण्याची व्यवस्था हा सुरक्षाविषयक माहितीचा वेगळा वर्ग, त्याचे नियम वेगळे. आपला विषय तिसरा, साधा वाटणारा : बाजारात विकायच्या यंत्राची खासगी मालकीची माहिती, जिला धंद्यात सगळे ‘प्रोप्रायटरी’ म्हणतात. पहिल्या दोन वर्गांची भीती दाखवून तिसऱ्यावर पडदा ओढायचा मोह प्रशासनाला होतो, म्हणून अभ्यासकाने प्रत्येक कोऱ्या जागेला आधी ‘तू कोणत्या वर्गातली?’ असे विचारावे.

तिसऱ्या वर्गाला संरक्षण का द्यायचे, याचे उत्तर 2014 च्या एका आरोपपत्रात आहे. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने चिनी सैन्याच्या पाच अधिकाऱ्यांवर संगणकीय चोरीचे आरोप ठेवले. वेस्टिंगहाउस तेव्हा चीनमध्ये एपी1000 जातीच्या चार भट्ट्या उभारत होती. तिच्या संगणकांतून 2010 मध्ये काय चोरले गेले, तर आरोपपत्रानुसार नळ, नळांचे आधार आणि इमारतीत नळ कुठून कसे न्यायचे याचे तपशील. अणुगर्भाचे काही गूढ त्यात नव्हते. पण शेकडो टन पोलादाच्या जंगलात भूकंपातही तुटणार नाही असा नळ कसा फिरवायचा, हे ठरवण्यात अभियंत्यांची वर्षे जातात, आणि कंपनी प्रत्यक्षात विकते ती हीच वर्षे.

संरक्षणाचे दुसरे कारण मला अधिक वजनदार वाटते. आपले कागद उद्या प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर जातील अशी धास्ती असलेली कंपनी नियामकाला कमीत कमी सांगेल. फसलेली चाचणी, आकड्यांतली अनिश्चितता, हातचे राखलेले अंतर हे सारे मोकळेपणाने समोर यायला हवे असेल, तर ते सांभाळण्याची हमीही द्यावी लागते. आयोगातल्या अधिकाऱ्याने अशी माहिती बेकायदा फोडली, तर अमेरिकी कायद्याने तो फौजदारी गुन्हा आहे.

या हमीचा कणा म्हणजे संघराज्य नियमावलीच्या दहाव्या खंडातले कलम 2.390. (2004 पूर्वीच्या कागदांत ते 2.790 या क्रमांकाने भेटते; जुने दस्तऐवज चाळणाऱ्याने ध्यानात ठेवावे.) कंपनीने माहिती खरोखर गुप्त ठेवली आहे का, तशी ती ठेवण्याची रीत आहे का, आयोगाला विश्वासाने दिली का, इतरत्र ती जाहीर आहे का, उघड झाल्यास स्पर्धेत मोठे नुकसान होईल का, हे कलम विचारते. नवखा वाचक इथेच थांबतो, आणि थांबू नये ते ठिकाण हेच. कारण पुढे तेच कलम सांगते की एवढे सिद्ध झाल्यावरही आयोगाने तोलून पाहायचे आहे : निर्णयाचा आधार काय आणि परिणाम काय, हे पुरते जाणण्याचा जनतेचा हक्क कंपनीच्या चिंतेपेक्षा जड आहे का? गोपनीयतेची विनंती फेटाळली गेली, तर कंपनी कागद परत मागू शकते. मात्र नियम बनवण्याच्या प्रक्रियेत दिलेली माहिती अंतिम नियमाचा पाया ठरली असेल, तर ती परतही मिळत नाही आणि झाकूनही राहत नाही. ज्या माहितीवर सर्वांना बांधणारा नियम उभा आहे ती कोणाची खासगी कशी राहील, हा विचार या तरतुदीत मला स्पष्ट दिसतो.

त्या विचाराची किंमत 1972 च्या सुनावणीने दाखवून दिली. भट्टीला पाणी पुरवणारा मोठा नळ फुटला, तर आणीबाणीची शीतनयंत्रणा गर्भापर्यंत पाणी पोहोचवेल का, असा प्रश्न होता. आयडाहोतल्या छोट्या प्रतिकृतीवर 1970-71 मध्ये चाचण्या झाल्या, तेव्हा आत सोडलेले पाणी वाफेच्या झोताने गर्भाला वळसा घालून फुटलेल्या नळातून बाहेर गेले. तेव्हाच्या अणुऊर्जा आयोगाने 1971 मध्ये तात्पुरते निकष लावले : इंधनकांडीच्या आवरणाचे तापमान 2300 अंश फॅरनहाइटपलीकडे जाता कामा नये. जानेवारी 1972 मध्ये सुनावणी सुरू झाली. युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या संघटनेचे हेन्री केंडल आणि डॅनियल फोर्ड यांनी सरकारी प्रयोगशाळांतल्या तज्ज्ञांच्या शंका कागदोपत्री पुढे आणल्या, उलटतपासणी लांबत गेली आणि नोंदींची 22,000 हून अधिक पाने झाली. अंतिम नियमात मर्यादा 2200 अंशांवर, म्हणजे सुमारे 1204 अंश सेल्सियसवर आली, आणि गणितात काय गृहीत धरायचे यावर कडक बंधने आली. बाहेरच्यांना कागद दिसल्याने नियम सुधारला, असेच मी या प्रकरणाचे वाचन करतो.

आजच्या एखाद्या अर्जात याच मर्यादेचे काय होते ते पाहिले की कंसाचे मर्म कळते. 1204 अंश ही मर्यादा जाहीर आहे. आमच्या भट्टीत तापमान अमुक अंशांपर्यंत जाईल, हा कंपनीचा निष्कर्षही बहुधा जाहीर असतो. मधली वाट, म्हणजे संगणकीय प्रणालीतली समीकरणे, चाचणीच्या आकड्यांवर बसवलेले गुणांक, अनिश्चिततेचा हिशेब, यातले बरेच कंसात जाते. गुणांक झाकला तर माझी तक्रार नाही. पण तो किती चाचण्यांवर उभा आहे, कोणत्या दाबापर्यंत आणि तापमानापर्यंत लागू आहे, त्यापलीकडे वापरला तर काय, हे कंसाबाहेरच हवे. हा फरक करायला वकील पुरत नाही आणि एकटा अभियंताही पुरत नाही.

वाफ कोरडी करणाऱ्या एका सांगाड्याचे प्रकरण याच मुद्द्याला आणखी जवळून दाखवते. उकळत्या पाण्याच्या भट्टीत गर्भाच्या वर पोलादी पत्र्यांचा एक मोठा सांगाडा असतो. तो वाफेतला ओलावा गाळतो. इलिनॉय राज्यातल्या क्वाड सिटीज केंद्राच्या दुसऱ्या भट्टीची क्षमता 2002 मध्ये सुमारे 18 टक्क्यांनी वाढवली. वाफेचा वेग वाढला, नळांच्या फाट्यांवर ध्वनीलहरी घुमू लागल्या, सांगाडा थरथरला आणि काही महिन्यांतच त्याची एक झाकणपट्टी तुटली. पुढच्या वर्षी पुन्हा तडे गेले. सांगाडा स्वतः आणीबाणीत काही करत नाही, पण त्याचा तुकडा मुख्य वाफनळाच्या झडपेत अडकला तर ती मिटणार नाही. त्यानंतर क्षमतावाढीच्या प्रत्येक अर्जात या थरथरीचे गणित मागितले जाऊ लागले. ते गणित पुरवठादार कंपन्यांचे, आणि त्याच्या जाहीर प्रतींत कंसांची गर्दी. इथे नागरिकाला एक दार ठेवलेले आहे. परवान्याच्या सुनावणीत रीतसर पक्षकार झालेल्या राज्य सरकारला किंवा संघटनेला न्यायपीठाच्या संरक्षक आदेशाखाली, गुप्ततेचे हमीपत्र देऊन, पूर्ण प्रत पाहता येते. तिच्या तज्ज्ञाला ती वाचता येते, बंद दाराआड प्रश्न विचारता येतात. जे वाचले ते शेजाऱ्याला सांगता येत नाही, ही त्या दाराची अडचण. तरीही ते दार मोलाचे आहे.

न्यायालयांचा कल मात्र अलीकडे झाकण्याकडे झुकला आहे. थ्री माइल आयलंडच्या 1979 च्या अपघातानंतर वीजकंपन्यांनी इन्पो नावाची संस्था काढली. केंद्रांतल्या छोट्यामोठ्या घटनांचे तिचे अहवाल ती स्वखुशीने आयोगाला देत असे. क्रिटिकल मास एनर्जी प्रोजेक्ट या गटाने 1984 मध्ये माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली ते मागितले. 1992 मध्ये वॉशिंग्टनच्या संघराज्य अपील न्यायालयाने ठरवले की स्वखुशीने दिलेली आणि देणारा एरवी जाहीर करत नाही अशी माहिती गोपनीय. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग त्या पीठावर होत्या. त्यांनी विरोधी मत नोंदवले. 2019 मध्ये तर किराणा दुकानांतल्या अन्नसाहाय्याच्या विक्रीचे आकडे मागणाऱ्या एका वृत्तपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या नुकसानीची अटच काढून टाकली. किराण्याच्या आकड्यांवरचा निवाडा अणुभट्टीच्या कागदांनाही लागू पडू शकतो. म्हणूनच 2.390 मधला जनतेच्या हक्काचा तराजू आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्याच्या. 1969 मध्ये त्या चालू झाल्या तेव्हा आपले अणुऊर्जा नियामक मंडळही नव्हते, ते 1983 चे. जैतापूरसाठी फ्रेंच आराखड्याच्या सहा भट्ट्या योजलेल्या आहेत, म्हणजे परदेशी कंपनीची गुपिते आणि कोकणातल्या माणसाचे प्रश्न एका टेबलावर येणारच. आपल्याकडचा सर्वांत अभ्यासनीय निर्णय मात्र कुडनकुळम अणुवीज केंद्राबाबतचा. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी 30 एप्रिल 2012 रोजी, एस. पी. उदयकुमार यांच्या अर्जावर, पहिल्या दोन भट्ट्यांचा सुरक्षा विश्लेषण अहवाल आणि स्थळ मूल्यमापन अहवाल देण्याचा आदेश दिला. पुरवठादाराच्या आराखड्याचे खासगी मालकीचे तपशील तेवढे वगळावेत, उरलेले सर्व द्यावे, असे त्यात होते. माहिती अधिकार कायद्याचे कलम 8 व्यापारी गुपितांना जागा देते आणि व्यापक जनहित असल्यास ती जागा काढूनही घेते; कलम 10 झाकायचे तेवढे कापून बाकीचे द्यायला सांगते. आदेशाने या कलमांतून आपल्या मातीतला कंस घडवला होता. अणुऊर्जा महामंडळ दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि आदेशाला स्थगिती मिळाली. तो अमलात आला असता तर भारतीय अभियंत्यांना अशी जाहीर प्रत तयार करण्याचा सराव झाला असता, याची मला आजही चुटपुट आहे.

नव्याने येणाऱ्याने वाचायला सुरुवात कंपनीच्या अहवालापासून करू नये. आयोगाचे सुरक्षा मूल्यमापन आधी घ्यावे. त्याचा मसुदा कंपनीकडे साधारण दहा कामाचे दिवस जातो, आपले काही गुपित त्यात चुकून आले आहे का ते तपासायला, आणि मग जाहीर होतो. परवाना का दिला याची कारणे आयोगाने स्वतःच्या शब्दांत मांडलेली असतात ती इथे. ही कारणे कंसांशिवाय, सलग वाचून समजतात का, ते तपासावे. जिथे समजत नाही त्या ओळीवर खूण करावी, मग कंपनीच्या जाहीर प्रतीत तीच जागा शोधावी आणि प्रतिज्ञापत्रातले तिचे अक्षर लावून पाहावे. नूस्केल या कंपनीच्या लहान भट्टीचा अर्ज यासाठी चांगला आहे. तो 2016 च्या शेवटच्या दिवशी दाखल झाला, जानेवारी 2023 मध्ये आराखड्याला प्रमाणपत्र मिळाले, आणि त्याची जाहीर कागदपत्रे आयोगाच्या संग्रहात कोणालाही पाहता येतात.