चार भिंती

न्यूझीलंडमध्ये शाळेच्या वर्गात, दवाखान्याच्या बाकड्यामागे, सरकारी कचेरीतसुद्धा एक चित्र हमखास दिसतं. उतरत्या छपराचं घर आणि त्याला चार भिंती : तिनाना म्हणजे शरीर, हिनेंगारो म्हणजे मन, वैरुआ म्हणजे आत्मिक बळ आणि फानाऊ म्हणजे आजी-आजोबांपासून चुलत-मावस भावंडांपर्यंतचा सगळा गोतावळा. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, भाषेत नाव 'ते फारे तापा फा', म्हणजे चार बाजूंचं घर. एक भिंत खचली की छप्पर कललंच. चित्र इतकं साधं आहे की ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते जेमतेम चाळीस वर्षांचं आहे, आणि त्याआधी तिथे निराळ्याच चार भिंती होत्या.

वेड्यांची इस्पितळं ब्रिटिशांबरोबर आली. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआचं 1887 सालचं. माओरी माणूस तिथे क्वचित दिसे, कारण मन बिघडलं तर घरचे लोक तोहुंगाकडे जात. तोहुंगा म्हटल्यावर आपल्याला देवऋषी आठवेल, पण त्या शब्दाचा पैस मोठा आहे. होडी बांधणारा, लाकूड कोरणारा, वंशावळ मुखोद्गत असणारा जाणकार, हे सगळे तोहुंगाच. बरं करणारा त्यांच्यातलाच एक.

1907 मध्ये या मंडळींविरुद्ध कायदा झाला. लोकांच्या भोळेपणाचा फायदा घेऊन अलौकिक शक्तीचा दावा करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला 25 पौंडांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रोख मुख्यतः रुआ केनाना या माओरी धर्मपुरुषावर होता, असं मानलं जातं. ही गोष्ट 'गोरे विरुद्ध माओरी' अशी सरळ सांगता आली असती तर सोपं होतं. पण विधेयक मांडणारे जेम्स कॅरल स्वतः माओरी आईचे चिरंजीव, आणि पाठिंबा देणाऱ्यांत माओरी डॉक्टर मौई पोमारे. काही तोहुंगांनी तापाने फणफणलेल्या माणसाला गार पाण्यात बुचकळल्याचे परिणाम पोमारेंनी पाहिले होते. त्यांचा राग खरा होता. मात्र त्या रागाच्या तडाख्यात चांगला जाणकारही सापडला आणि बरं करण्याची विद्या चोरीछुपे करायची गोष्ट झाली. कायदा रद्द व्हायला 1962 उजाडलं.

तोवर खेडी रिकामी होऊ लागली होती. दुसऱ्या महायुद्धाआधी बहुसंख्य माओरी गावात राहत. 1980च्या दशकात पाचांतले जवळजवळ चार शहरात होते. गोतावळा मागे राहिला आणि मनोरुग्णालयातला माओरींचा आकडा वाढत गेला. तिथे खाट एकाची, भेटीची वेळ ठरलेली. वारलेली आजी बोलते असं कुणी सांगितलं, तर कागदावर ते लक्षण म्हणून नोंदलं जाणार.

मेसन ड्यूरी हे माओरी मनोविकारतज्ज्ञ पामर्स्टन नॉर्थच्या रुग्णालयात हे रोज पाहत होते. माओरी महिला कल्याण संघाने स्त्रियांच्या आरोग्याची पाहणी हाती घेतली होती. घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्या बायकांपुढे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ड्यूरींनी चार भिंतींची मांडणी केली. मला यातलं ठिकाण महत्त्वाचं वाटतं. वैद्यकाच्या परिषदेआधी ही कल्पना बायाबापड्यांच्या प्रशिक्षणात बोलली गेली. ती घराच्या रूपात सुचली यात नवल नाही.

1984 मध्ये टोकानुई मनोरुग्णालयात 'फाइ ओरा' हा माओरी विभाग उघडला. 1992च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या फानाऊशी, हापूशी (कुळाशी) आणि इवीशी (जमातीशी) असलेल्या नात्याची दखल घेणं बंधनकारक केलं. कलम लिहिणं सोपं होतं. पण भेट माओरी रीतीने सुरू करायची तर आधी आपला डोंगर सांगायचा, आपली नदी, आपले पूर्वज, 'काय होतंय?' हे मग. ठरावीक मिनिटांच्या तपासणीत डोंगरच उरकत नाही. भिंतीवर चित्र लावायला एक खिळा पुरतो, गोतावळ्याला बसवायला मोठी खोली लागते आणि अख्खी दुपार. म्हणून चित्र सगळीकडे पोचलं. सेवेचं नशीब मात्र सरकारागणिक फिरलं : माओरी आरोग्यासाठीचं स्वतंत्र प्राधिकरण जुलै 2022 मध्ये सुरू झालं आणि दोन वर्षांत, जून 2024अखेर, गुंडाळलं गेलं.

ज्या पोरिरुआत 1887ची ती इमारत उभी राहिली, तिथेच पुढे 'ते फारे मारिए' ही माओरी मानसिक आरोग्यसेवा आली. तिथे विरेमु निआनिआ हे माओरी उपचारक आणि ॲलिस्टर बुश हे मनोविकारतज्ज्ञ मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र भेटत. दोघं एका पुस्तकाचे सहलेखकही आहेत. त्यात एकाच प्रसंगाची हकीकत निआनिआ सांगतात, बुश आपल्या परीने सांगतात, आणि ज्याच्यावर उपचार झाले तो आणि त्याच्या घरचेही सांगतात.