अटन, स्थान आणि मुक्तविश्वातील खेळाडू

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर हे गाव आहे. तेथील आत्मतीर्थ हे दत्तात्रेयांच्या मध्यान्हभोजनाचे स्थान होय, अशी महानुभावांची श्रद्धा आहे. निद्रा माहुरास, भिक्षा कोल्हापुरास आणि भोजन पांचाळेश्वरी, असा दत्तात्रेयांचा नित्यसंचार परंपरेने सांगितला आहे. ह्याच गोदातीरी तेराव्या शतकात चक्रधरांचा संचार झाला आणि त्यांनी आपल्या अनुयायांना अटनाचा, म्हणजे सतत फिरतीचा, आचारधर्म घालून दिला. सर्व वाटा मोकळ्या असतील, तर वाटसरूचे स्वातंत्र्य नेमके कशात असते, हा प्रश्न त्या आचारधर्माच्या मुळाशी आहे. गेल्या चार दशकांत हाच प्रश्न एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात, व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात, नव्याने उपस्थित झाला आहे. ह्या दोन क्षेत्रांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध काहीच नाही. तथापि, प्रश्न समान असल्यामुळे एकाच्या अभ्यासाने दुसऱ्यावर प्रकाश पडतो.

'ओपन वर्ल्ड' किंवा मुक्तविश्व ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमिकाप्रधान खेळांत खेळाडूला एक पात्र मिळते आणि एक विस्तीर्ण प्रदेश मिळतो. कोठे जावे, कोणास भेटावे, मुख्य कार्य केव्हा हाती घ्यावे, हे बहुतांशी त्याच्यावर सोपविलेले असते. ह्या प्रकाराची मुळे अनेक आहेत. १९७६ मध्ये विल क्राउदर ह्या गुहासंशोधकाने केवळ शब्दांनी वर्णिलेल्या गुहेचा खेळ संगणकावर रचला. १९८६ मध्ये जपानमध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा' प्रसिद्ध झाला. त्याचे जनक शिगेरू मियामोतो ह्यांनी क्योतोनजीकच्या सोनोबे गावी बालपणी केलेली रानभटकंती ही त्यामागील प्रेरणा असल्याचे सांगितले आहे. त्या खेळाच्या आरंभी खेळाडू एका मोकळ्या जागी उभा असतो. समोर एक गुहा असते आणि पुढे कोठे जावे ह्याची कोणतीही आज्ञा नसते.

अशा खेळांतील स्वातंत्र्य प्रदेशाच्या विस्तारावरून मोजण्याचा मोह प्रारंभापासून दिसतो. १९९६ मधील 'डॅगरफॉल' हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याचा प्रदेश ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे सांगितले जाई आणि त्यात सुमारे १५,००० गावे, नगरे व भुयारे होती. परंतु त्यांतील बहुतेक स्थळे संगणकाने ठराविक नियमांनी निर्माण केलेली असल्यामुळे एक गाव दुसऱ्यासारखेच भासे. जेथे प्रत्येक ठिकाण दुसऱ्याची जागा घेऊ शकते, तेथे निवड करण्याचा अधिकार असूनही निवडीला अर्थ उरत नाही. त्याच मालिकेतील पुढचा खेळ, २००२ मधील 'मॉरोविंड', विस्ताराने त्याच्या तुलनेत अगदीच लहान होता. मात्र त्यातील स्थळे मनुष्याने एकेक करून रचलेली होती.

'मॉरोविंड'चे महत्त्व आणखी एका कारणास्तव आहे. त्यात इष्ट स्थळाकडे नेणारी खूण पडद्यावर उमटत नसे. गावातील माणसे वाट तोंडी सांगत. अमुक पुलापाशी वळावे, टेकडीच्या उत्तरेस खिंड लागेल, अशा स्वरूपाची ती माहिती पात्राच्या रोजनिशीत नोंदली जाई. ती कधी अपुरी, तर कधी चक्क चुकीची असे. २००६ मध्ये आलेल्या 'ऑब्लिव्हियन' ह्या पुढील खेळात होकायंत्राची पट्टी आणि इष्ट स्थळाची खूण आली. खेळणे पुष्कळ सुकर झाले. वाट चुकण्याचा त्रास संपला. परंतु खेळाडूची दृष्टी भूमीवरून उठून त्या खुणेवर खिळली. पूल, टेकडी आणि खिंड पूर्वीप्रमाणेच होती; फक्त त्यांच्याकडे पाहण्याचे कारण नाहीसे झाले.

शब्दांनी वाट सांगण्याच्या ह्या रीतीला मराठी वाङ्मयात एक समृद्ध पूर्वपरंपरा आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडून आठवणी मिळवून, 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी'त चक्रधरांच्या संचारातील स्थळांची गाववार नोंद झाली. स्वामींचे दीर्घ वास्तव्य झाले ते अवस्थान, रात्रीचा मुक्काम झाला ती वसती, जेथे ते बसले ते आसन, असे भेद तीत केलेले आहेत. प्रत्येक स्थान गावाच्या कोणत्या दिशेस आहे, देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगास ते स्थान आहे, हे शब्दांनी सांगितले आहे. नकाशा नाही, चित्र नाही. वाचकाने गावात उभे राहावे, देवळाचे तोंड पाहावे आणि मग दिशा लावावी, हीच तिची अपेक्षा. यादवकालीन देवळे व ग्रामरचना ह्यांच्या अभ्यासकांना ही पोथी मोलाची वाटते, ती ह्याच कारणाने. वाट सांगता सांगता तिने आजूबाजूचे सारे गाव नोंदून ठेवले.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. चक्रधरांनी सांगितलेले अटन हे कोणत्याही स्थानी आसक्ती जडू नये म्हणून होते. 'सूत्रपाठा'त तर माहूर व कोल्हापूर येथे जाऊ नये, असा स्पष्ट निषेध आहे. म्हणजे मोकळ्या संचारालाही सीमा होत्या. परंतु स्वामींच्या वियोगानंतर त्यांच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेली स्थानेच अनुयायांना स्मरणाचा आधार झाली. स्वामींचे अटन आणि अनुयायांचे स्थानवंदन ह्या दोन भिन्न कोटी होत. पहिल्यात पाऊल पडेल ती वाट. दुसऱ्यात वाट अगोदरच चालून झालेली असते आणि ती पुन्हा शोधावयाची असते.

मुक्तविश्वातील खेळाडूची स्थिती ह्या दुसऱ्या कोटीची आहे. तो ज्या गुहेत प्रथमच शिरतो असे त्याला वाटते, ती कोणीतरी त्याच्यासाठी खोदून ठेवलेली असते. तेव्हा त्याचे स्वातंत्र्य हा केवळ आभास होय, असा आक्षेप घेतला जातो. स्थानपोथीचा अनुभव ह्या आक्षेपाला उत्तर देतो. स्थान पूर्वनिश्चित असले, तरी ते ओळखण्याचे काम येणाऱ्यालाच करावे लागते. त्या कामात त्याची दृष्टी, तर्क आणि चूक ही त्याची स्वतःची असतात. मागाहून येणाऱ्याला जे स्वातंत्र्य शक्य आहे, ते हेच. ते निर्माणाचे स्वातंत्र्य नव्हे, शोधाचे स्वातंत्र्य आहे. शोधाचे श्रम काढून घेतले, की तेही जाते, मग प्रदेश कितीही विशाल असो.

हे तत्त्व खेळांच्या कर्त्यांनाही उमगलेले दिसते. २०१७ मधील 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये प्रारंभीचे पठार सोडल्यानंतर खेळाडू हवे तर थेट अंतिम शत्रूकडे जाऊ शकतो. उंच जागी चढून, दूरवर पाहून, लक्ष वेधणाऱ्या ठिकाणांवर स्वतःच खुणा उमटविण्याची सोय त्यात आहे. खूण तीच, परंतु ती कोणी करावयाची, हे बदलताच पाहण्याचे काम पुन्हा खेळाडूकडे आले.

दोन्ही क्षेत्रांतील भेद मात्र विसरता येत नाही. खेळाच्या जगात जे कोणी ठेवले नाही, ते तेथे नसतेच. गोदावरीचे तसे नाही. ती स्थानपोथीच्या आधी होती आणि पोथीनंतर बदलत राहिली. पैठणच्या वरच्या अंगाची अनेक गावे १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाखाली गेली. आत्मतीर्थाचे देऊळ नदीपात्रात असल्याने मोठ्या पुरात पाण्याने वेढले जाते. जुनी देवळे पडली, नवी बांधली गेली, गावांच्या वेशी राहिल्या नाहीत. पोथीतील 'उत्तरेस' हा शब्द ज्या वस्तूच्या आधारे अर्थपूर्ण होता, ती वस्तूच कित्येक ठिकाणी उरलेली नाही. अशा ठिकाणी वाचकाला गावातील वृद्धांना विचारावे लागते, पडक्या जोत्यांचे तोंड तपासावे लागते, दोन पाठ ताडून पाहावे लागतात.

आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील खूण कोणासही पांचाळेश्वरी बिनचूक नेऊन पोहोचविते. तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु ती पोहोचविते तेवढेच; वाटेवरच्या गावाविषयी ती काही विचारीत नाही आणि विचारावयास लावीतही नाही. मराठवाड्याच्या ग्रामेतिहासाची साधने कागदोपत्री तुटपुंजी आहेत. पुष्कळसा इतिहास अद्यापि वाट सांगणाऱ्यांच्या बोलण्यातच आहे. वाट विचारण्याचे कारण संपले, तर ते बोलणेही थांबेल. म्हणून बीड जिल्ह्यातील स्थानांचे सर्वेक्षण करावयाचे झाल्यास पोथी हाती घेऊन, एकेका गावी थांबून, विचारीत विचारीत ते केले पाहिजे. प्रत्येक स्थानासंबंधी पोथीतील शब्द, आजची स्थिती आणि गावकऱ्यांनी सांगितलेली वाट ही तिन्ही शेजारी शेजारी नोंदविली पाहिजेत. त्यांत जेथे मेळ बसणार नाही, तेथूनच पुढील संशोधनास आरंभ करावा लागेल.