चार डोंगर, एक इमारत

दक्षिण कोरियात देजॉन नावाचं शहर आहे. तिथे सरकारी खात्यांचे संगणक, म्हणजे ज्यांना आपण सर्व्हर म्हणतो ते, एका इमारतीत एकत्र ठेवलेले आहेत. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आग लागली. वीज गेली तरी संगणक चालू राहावेत म्हणून अशा ठिकाणी लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या असतात. या बॅटऱ्या सर्व्हरच्या इतक्या जवळ असणं धोक्याचं, म्हणून त्या तळघरात हलवण्याचं काम चाललं होतं. ते चालू असतानाच बॅटरीने पेट घेतला. आग पुरती विझायला जवळजवळ एक दिवस लागला आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. टपाल खात्याचे व्यवहार अडले, मोबाइलवरची ओळखपत्रं चालेनात.

बऱ्याचशा सेवा पुढे हळूहळू सुरू झाल्या, कारण त्यांची माहिती कुठे ना कुठे दुसरीकडे होती. एक गोष्ट मात्र कायमची गेली. तिचं नाव 'जी-ड्राइव्ह'. सरकारी नोकरांनी आपल्या कामाच्या फाइली ठेवायच्या, ते हे सामायिक कपाट. प्रत्येकाला तीस गिगाबाइट जागा. एका खात्याने तर सगळं काम याच कपाटात ठेवायचं असा नियम केला होता, आणि गंमत म्हणजे ते खातं सरकारी नोकरवर्गाचा कारभार पाहणारं. जळालेली माहिती होती ८५८ टेराबाइट. घरी फोटो साठवायला आपण एक टेराबाइटची खिशात मावणारी डबी आणतो ना, तशा ८५८ डब्या. त्यांची प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. का नव्हती, तर माहितीचा आकार फार मोठा, म्हणून बाहेर प्रत ठेवणं जमण्यासारखं नव्हतं, असा खुलासा झाला.

आग लागली याचं मला आश्चर्य वाटलं नाही. आग कुठेही लागते. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाचे मजले जळताना आपण टीव्हीवर पाहिले आहेत. आश्चर्य वाटलं ते हे कोरियात घडलं याचं. कारण 'दुसरी प्रत' ही कल्पना जगात ज्यांनी सर्वांत मनावर घेतली, त्यांच्यात कोरियन लोकांचं नाव फार वर आहे. ती हकिकत चारशे वर्षांपूर्वीची आहे.

कोरियावर १३९२ पासून जोसॉन घराण्याचं राज्य होतं. या घराण्याने एक विलक्षण प्रथा पाळली. राजाच्या दरबारात इतिहास लिहिणारे अधिकारी सतत हजर असायचे आणि घडेल ते टिपून ठेवायचे. राजा वारला की त्या टिपणांवरून त्याच्या कारकिर्दीचा इतिहास तयार व्हायचा. त्याला म्हणतात 'सिल्लोक'. हा मजकूर गादीवरच्या राजालाही वाचायला मिळत नसे. तेजोंग नावाचा राजा १४०४ मध्ये शिकारीला गेला असताना घोड्यावरून पडला. उठल्याउठल्या तो म्हणाला, इतिहासकाराला हे कळू देऊ नका. राजाने असं सांगितलं, हीसुद्धा नोंद सिल्लोकमध्ये आहे! आणखी एक. अंतिम मजकूर तयार झाला की कच्ची टिपणं ओढ्याच्या पाण्यात धुऊन टाकत. शाई गेली, कागद पुन्हा वापरायला मोकळा. काय राखायचं याचा जितका विचार, तितकाच काय पुसायचं याचा.

आता मुद्दा असा, की कच्ची टिपणं धुतल्यावर उरतो तो एकच मजकूर. तो गेला तर राजाची कारकीर्दच गेली. म्हणून पंधराव्या शतकात, सेजोंग राजाच्या काळात ठरलं की सिल्लोकचे चार संच करायचे आणि चार शहरांत ठेवायचे. एक राजधानीत, म्हणजे आजच्या सोलमध्ये. बाकीचे चुंगजू, जॉन्जू आणि सॉन्जू या गावांत. ही व्यवस्था किती शहाणपणाची होती ते १५३८ मध्ये दिसलं. सॉन्जूचं ग्रंथागार जळालं. आधी घातपाताचा संशय आला. मग उलगडा झाला, की सरकारी गुलाम दिवा घेऊन कबुतरं पकडायला गेले होते! संच गेला, पण दुसरीकडच्या प्रतींवरून पुन्हा तयार झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर बॅकअपवरून माहिती परत आणली.

पण चारही ठिकाणं होती ती शहरं, आणि ती रस्त्यांवरची शहरं. १५९२ मध्ये जपानच्या हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली. सैन्य बुसानला उतरलं आणि सुमारे तीन आठवड्यांत राजधानीत पोचलं. ज्या रस्त्यांनी सैन्य आलं त्यांवरच ग्रंथागारं होती. सोल, चुंगजू, सॉन्जू, तिन्ही ठिकाणचे संच नष्ट झाले. चार प्रती होत्या, पण तिघींना धोका एकच होता.

उरला जॉन्जूचा संच. तेरा राजांच्या कारकिर्दींचा इतिहास आता एकाच जागी. तिथे दोन म्हातारे पुढे आले. आन उई, वय चौसष्ट, आणि सोन होंग-रोक, वय छप्पन्न. दोघे जवळच्याच गावचे पंडित, कुणी मोठे अधिकारी नव्हेत. त्यांनी माणसं जमवली, पेट्या भरल्या आणि नेजांग डोंगरातल्या एका आडवाटेच्या मठात नेऊन ठेवल्या. मग वर्षभराहून जास्त काळ पाळीपाळीने त्या पेट्यांपाशी पहारा केला. कोण कधी राखणीला होतं याची रोजनिशीही ठेवली. पुढे युद्ध सरकेल तशा पेट्या आणखी उत्तरेकडे हलत गेल्या. मला या कथेत सगळ्यांत काय आवडतं, तर ती रोजनिशी. एवढ्या धामधुमीत कुणी हिशेब ठेवला, की आज पहाऱ्यावर कोण.

युद्ध संपलं तेव्हा देश उद्ध्वस्त झालेला होता. तरी १६०३ ते १६०६ या वर्षांत जॉन्जूच्या संचावरून सिल्लोक पुन्हा छापली. नवे तीन संच, मूळ जुना संच, आणि छपाईच्या वेळी तपासायला काढलेली प्रुफं. होय, प्रुफंसुद्धा फेकली नाहीत. दुरुस्तीच्या खुणांसकट तो पाचवा संच धरला! आणि या खेपेला चूक सुधारली. एक संच राजधानीत, बाकीचे चार डोंगरांत: गांगह्वा बेटावर, म्योह्यांगसान, तेबेकसान आणि ओदेसान. 'सान' म्हणजे डोंगर. राखणीला जवळच्या बौद्ध मठांतले भिक्षू. राजधानीचा संच १६२४ च्या बंडात जळाला. डोंगरांतले राहिले.

नुसतं डोंगरावर नेऊन कुलूप लावलं असतं तर कागद कुजला असता. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी राजधानीतून इतिहास खात्याचा अधिकारी यायचा. त्याच्यासमोरच पेट्या उघडायच्या. कोरड्या हवेत ग्रंथ बाहेर काढून वारा-ऊन द्यायचं, कीड लागू नये म्हणून वनस्पतींची पूड घालायची, संख्या मोजायची आणि पुन्हा पेटी बंद. याचीही लेखी नोंद. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे डबे उघडून उन्हं दाखवतात, तसंच. प्रत आहे एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. ती वाचता येते का, हे ते बघत होते.

हे सगळं मला इतकं जवळचं वाटतं याचं कारण माझी नोकरी. मी एका कारखान्याच्या संगणक विभागात पगारपत्रकांचं काम करत असे. तेव्हा माहिती असायची अर्ध्या इंची चुंबकीय टेपवर, चोवीसशे फुटांची मोठी रिळं. आज ती पद्धत अडाणी वाटेल, पण तिच्यात एक फार मोठा गुण होता. कालची टेप वाचायची, आजच्या नोंदी तिच्यात मिळवायच्या, आणि निकाल लिहायचा तो नव्या टेपवर. जुनीला धक्का नाही. रिळाच्या मागे खोबणीत प्लास्टिकची एक रिंग बसवल्याशिवाय यंत्र त्या टेपवर लिहीतच नसे. जुन्या टेपची रिंग आम्ही काढून ठेवायचो. आजची टेप मुलगा, कालची बाप, परवाची आजोबा, अशी नावंच होती. तीन पिढ्या कायम हाताशी. मुलगा बिघडला तर बापावरून पुन्हा तयार करायचा. आजोबांना शिपाई संध्याकाळी पलीकडच्या इमारतीतल्या कपाटात पोचवायचा. 'आजोबा गेले का?' असा प्रश्न आमच्या खोलीत रोज विचारला जायचा आणि नवा माणूस दचकायचा.

म्हणजे बॅकअप हे वेगळं काम नव्हतंच. काम करण्याच्या पद्धतीतच जुनी प्रत मागे राहायची. मग चकतीचा, म्हणजे डिस्कचा जमाना आला. आयबीएमने १९५६ मध्येच पहिली डिस्क आणली होती. आमच्याकडे ती पुष्कळ उशिरा पोचली. डिस्कवर हवी ती नोंद क्षणात सापडते आणि तिथल्या तिथे बदलता येते. सोय फार मोठी. पण तिथल्या तिथे बदललं की जुनं पुसलं. त्या दिवसापासून प्रत काढणं हे वेगळं, रात्री उशिरा उरकायचं काम झालं. आणि या कामाचा स्वभाव असा, की ते केलं तरी कुणाला दिसत नाही आणि नाही केलं तरी दिसत नाही.

३१ जानेवारी २०१७ ला 'गिटलॅब' या कंपनीत हेच घडलं. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम या कंपनीच्या संगणकांवर ठेवतात. एका अभियंत्याने रात्री चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसायला घेतली. थांबवेपर्यंत सुमारे तीनशे गिगाबाइटपैकी साडेचार उरले. हरकत नाही, बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या! बघायला गेले तर एकही धड चालत नव्हती. रोजच्या बॅकअपचा प्रोग्राम बरेच दिवस अपयशी ठरत होता आणि त्याची सूचना देणारी पत्रं ई-मेलच्या वाटेतच अडत होती. सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत नशिबाने सापडली, म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं जाहीरपणे सांगितलं, त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. पेट्या पाच होत्या. वारा-ऊन एकीलाही दिलं नव्हतं.

दुसरा घोटाळा आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. फोनवरचे फोटो आपोआप इंटरनेटवर जातात, तेव्हा ते सुरक्षित आहेत असं आपण धरून चालतो. फोन हरवला, पाण्यात पडला, तर हे खरंच उपयोगी पडतं. पण बहुतेक ठिकाणी ही व्यवस्था आरशासारखी असते. इकडे फोटो पुसला की तिकडचाही पुसला जातो. काही दिवस कचरापेटीत राहतो, एवढीच सवलत. नातवाने खेळताखेळता फोटो उडवले आणि महिन्या-दोन महिन्यांनी लक्षात आलं, तर आरशात बघून उपयोग नाही. तिथे लागतो तो बाप किंवा आजोबा. गूगलसारख्या कंपनीलाही हे ठाऊक आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये एका प्रोग्राममधल्या दोषाने हजारो लोकांची जीमेलची खाती रिकामी झाली. वेगवेगळ्या केंद्रांतल्या प्रतींनाही त्याच दोषाने गाठलं. पत्रं परत आणली ती कशावरून? टेपवरून. टेप यंत्रापासून काढून ठेवलेली होती, म्हणून दोष तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

आता पुन्हा देजॉनकडे. आकार फार मोठा, हा खुलासा मला काही केल्या पटत नाही. टेप आजही वापरात आहे. फक्त रिळाऐवजी तळहातावर मावणारी कॅसेट आली. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या जातीच्या एका कॅसेटवर अठरा टेराबाइट मावतात. ८५८ भागिले अठरा करा: अठ्ठेचाळीस कॅसेटी. एका लोखंडी ट्रंकेत बसतील. एक कॅसेट भरायला साधारण साडेबारा तास लागतात. एकच यंत्र असेल तर पहिला संच व्हायला पंचवीस दिवस, सहा यंत्रं लावली तर चार-साडेचार दिवस. रोज बदलणाऱ्या फाइलींचा पाठलाग करणं अवघड असतं हे मला मान्य आहे. पण महिन्याला एक ट्रंक दुसऱ्या गावाला गेली असती, तर नोकरांची सात-आठ वर्षांची टिपणं, मसुदे, तक्ते गेले नसते. फार तर शेवटचा महिना गेला असता. युद्धात होरपळलेल्या देशाने कागदावर जे केलं, त्याच्या मानाने हा खर्च काहीच नव्हे.

सिल्लोकचं पुढे काय झालं? ओदेसानचा तो प्रुफांचा संच १९१३ मध्ये जपानी सत्तेने टोकियोच्या विद्यापीठात नेला. १९२३ च्या भूकंपात लागलेल्या आगीत त्याचे बहुतेक खंड जळाले. जे वाचले त्यांतले ४७ खंड २००६ मध्ये कोरियाला परत मिळाले. जॉन्जूहून डोंगरात नेलेला मूळ संच आज सोलच्या विद्यापीठात आहे, तेबेकसानचा बुसानच्या सरकारी अभिलेखागारात. १९९५ मध्ये सिल्लोकचा आधुनिक कोरियन अनुवाद सीडी-रॉमवर आला, तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं होतं. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांना सीडी घालायची खाचच नसते. सतराव्या शतकातली ती पानं अजून वाचता येतात.