शाळेतील धर्मचिन्हे आणि मानवी हक्कांचा कायदा

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपरिषदेच्या शाळेत एका वर्गात एखादेच ख्रिस्ती मूल असावे, हे येथे नवल नाही. सकाळच्या परिपाठात सरस्वतीच्या तसबिरीसमोर प्रार्थना होते, दसऱ्याला पाटीपूजन होते आणि आपल्या मुलाने हात जोडावेत की नाहीत, हा प्रश्न आईवडिलांसमोर उभा राहतो. आपल्या धर्मसंस्थांनी चालविलेल्या शाळांत चित्र नेमके उलट असते. तेथे भिंतीवर क्रूस असतो आणि त्याखाली बसणारी बहुसंख्य मुले अन्य धर्मीय असतात. या दोन्ही ठिकाणी कायदा एकच प्रश्न विचारतो: येथे कोणावर सक्ती होत आहे काय?

या विषयावरील सर्वांत गाजलेला खटला इटलीतील आहे. पाडुआजवळील आबानो तेर्मे या गावातील सरकारी शाळेत वर्गावर्गांत क्रूस लावलेला होता. तेथे शिकणाऱ्या दोन मुलांच्या आईने २००२ साली त्यास हरकत घेतली. शाळेने ती मानली नाही, इटलीच्या न्यायालयांनीही मानली नाही. प्रकरण स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. ‘लाउत्सी विरुद्ध इटली’ या नावाने ते ओळखले जाते. ३ नोव्हेंबर २००९ रोजी तेथील सात न्यायाधीशांनी एकमताने आईच्या बाजूने निकाल दिला आणि ख्रिस्ती जगतात मोठी खळबळ उडाली. इटलीने फेरविचार मागितला. १८ मार्च २०११ रोजी महापीठाने १५ विरुद्ध २ मतांनी तो निकाल फिरविला. भिंतीवरील क्रूस हे स्वभावतः मूक चिन्ह आहे. प्रवचन देणे किंवा उपासनेत भाग घ्यायला लावणे यांच्याशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही, असे महापीठाने म्हटले. इटलीच्या शाळांत ख्रिस्ती धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते आणि अन्य धर्मीय मुलांना आपापली चिन्हे धारण करण्याची मोकळीक होती, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले.

आपल्याकडे पुष्कळांनी हा ‘क्रूसाचा विजय’ म्हणून साजरा केला. तसे म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. क्रूस लावलाच पाहिजे, असे महापीठाने कोठेही म्हटलेले नाही. तो निर्णय त्या त्या राष्ट्राच्या अधिकारातील आहे, एवढेच म्हटले. पुढे २०२१ साली इटलीच्याच सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितले की, वरून आदेश काढून वर्गात क्रूस लावता येणार नाही. मात्र शाळेतील सर्वांनी मिळून विचारविनिमयाने तसे ठरविल्यास तो लावता येईल, आणि हवी असल्यास त्याशेजारी अन्य धर्मांची चिन्हेही लावता येतील.

आता आपल्या देशाकडे वळू. नागरी व राजकीय हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ साली स्वीकारला. त्याचे अठरावे कलम धर्माच्या बाबतीत सक्तीस मनाई करते आणि मुलांच्या धर्मशिक्षणाविषयी आईवडिलांच्या स्वातंत्र्याचा आदर करते. परंतु आपली राज्यघटना त्याच्या कितीतरी आधीची, आणि या बाबतीत अधिक नेमकीही आहे. कलम २८ अन्वये संपूर्णपणे शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्याच कलमाचा तिसरा खंड पालकांनी मुद्दाम वाचावा. शासनमान्य अथवा अनुदानित अशा कोणत्याही शाळेत, विद्यार्थ्याच्या संमतीवाचून आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, त्याला धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. ‘कोणत्याही’ शब्दात आपल्या कॉन्व्हेंट शाळाही येतात.

न्यायालयांनी हे तत्त्व पाळले आहे. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. पण आपल्या धर्मश्रद्धेस अनुसरून ते गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली ‘बिजो इमॅन्युएल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. आपल्या राज्यात, नाशिक येथील एका अनुदानित शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडीत नसत. त्यांच्यावर तशी सक्ती करणे हा मूलभूत हक्कांचा भंग ठरेल, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. परिपाठात शांत उभे राहणारे मूल कोणताही अपराध करीत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

अंगावरील चिन्हांचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो आपल्या लोहमार्गावरच आलेला आहे. कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने कुर्ल्यापर्यंत आणि तेथून हार्बर मार्गाने चेंबूरला जाता येते. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने २०२४ साली हिजाब, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. परंतु ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने या बंदीस स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालण्यास मात्र मुभा दिली नाही. मग टिळ्यावरही बंदी घालणार काय, असे न्यायमूर्तींनी विचारले. गळ्यातील क्रूसाविषयी हाच प्रश्न उद्या आपल्या मुलीला पडू शकतो. म्हणून हे प्रकरण ‘त्यांचे’ समजून सोडून देणे शहाणपणाचे नाही.

भिंतींविषयी शासनाचे धोरण डळमळीतच दिसते. शासकीय कार्यालये व शाळांतील देवदेवतांच्या तसबिरी काढण्याचे परिपत्रक महाराष्ट्रात २०१७ साली निघाले आणि विरोध होताच मागे घेतले गेले. आसाममध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये ख्रिस्ती शाळांतील क्रूस व मूर्ती हटविण्याची धमकीवजा मागणी एका संघटनेने केली. कलम ३० अन्वये अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालविण्याचा हक्क आहे, आणि त्या शाळांत क्रूस लावण्यास कलम २८ मनाई करीत नाही. मनाई आहे ती त्याखाली बसलेल्या मुलाला क्रूसाची खूण करावयास लावण्याची.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात हेच शिकविले आहे: धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांत, अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सकाळी राज्यघटनेची उद्देशिका वाचावी, असे सांगितले.

राहिला व्यवहाराचा भाग. आपल्या मुलाने उपासनेत भाग घेऊ नये असे वाटत असेल, तर पालकांनी मुख्याध्यापकांना साध्या भाषेत लेखी अर्ज द्यावा, त्यात कलम २८ (३) चा उल्लेख करावा आणि पोच घेतलेली प्रत घरी ठेवावी. आपल्या शाळेत असाच अर्ज एखाद्या हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम पालकाकडून आला, तर त्यालाही तशीच पोच मिळाली पाहिजे.