आयकॉनचे कूळ

बायझंटाइन चित्रे म्हणजे इटालियन चित्रकार जिओत्तोकडे नेणारी एक कच्ची पायरी, असे ख्रिस्ती कलेच्या इतिहासात बरेचदा मानले जाते. 16व्या शतकात इटालियन कलाचरित्रकार वासारीने या ग्रीक शैलीला ओबडधोबड ठरवले आणि तो शेरा अजून पुरता पुसला गेलेला नाही. सपाट सोनेरी पार्श्वभूमी आणि समोर रोखलेले मोठे डोळे पाहून रोमन चित्रकारांचे कसब हरवले, असा निष्कर्ष काढला जातो. लाकडी फळीवरच्या पूज्य चित्राचे, म्हणजे आयकॉनचे, कूळ पाहिले की तो टिकत नाही. रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये, फायूम परिसरात, मृताचा चेहरा पातळ फळीवर रंगवून ममीच्या तोंडावर बांधत. त्यासाठी बहुधा मेणात कालवलेले रंग वापरत. सिनाईच्या सेंट कॅथरिन मठातला 6व्या शतकातला ख्रिस्तही मेणरंगातलाच आहे. त्याच्या चेहऱ्याची एक बाजू सौम्य, दुसरी कठोर. कसब विसरलेल्या हाताला हे जमत नाही.

ममीचित्रे आणि हा ख्रिस्त यांत सुमारे तीन शतकांचे अंतर आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच इजिप्तमधून इसिस, सेरापिस अशा देवांच्या रंगवलेल्या फळ्याही मिळाल्या आहेत. त्यामुळे ममीचित्राला आयकॉनचा बाप न म्हणता चुलता म्हणावे. तिसरे नाते सम्राटाच्या तसबिरीशी. बर्लिनमधल्या एका गोल फळीवर रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हरसचे कुटुंब आहे. त्यातल्या धाकट्या मुलाचा, गेटाचा, चेहरा खरवडून काढलेला आहे. 211 मध्ये भावाने त्याला मारवले, मग चित्रातूनही हटवले. चित्र ही माणसाची हजेरीच असेल, तर ते पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवणारच.

चर्चला हा मूर्तिपूजक वारसा मान्य कसा झाला? सहज झाला नाही. 8व्या-9व्या शतकांत प्रतिमाभंजकांनी असंख्य चित्रे नष्ट केली. सिनाईची वाचली, कारण तो प्रदेश तोवर मुस्लिम सत्तेखाली गेला होता आणि तिथे बायझंटाइन सम्राटाचा प्रतिमाबंदीचा हुकूम चालत नव्हता. 787 च्या निकाया परिषदेने प्रतिमांच्या बाजूने कौल देताना चौथ्या शतकातल्या संत बेसिलचा आधार घेतला: प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो. बेसिलने हे समजावताना दाखला दिला होता तो सम्राटाच्या प्रतिमेचाच.