मेण, सरस आणि ट्रान्झिस्टर : वाद्यांच्या प्रवासातील उष्म्याचा इतिहास

१/
जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या कुशीतले दोन तालुके. जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर वसलेले, १९४८ पर्यंत मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी. या डोंगरात आज दोन युगांची वाद्ये शेजारी नांदतात : दुधी भोपळ्याचा तारपा आणि विजेवर चालणारा कीबोर्ड. घडण, वय, किंमत सारेच भिन्न. मात्र प्रवासात दोघांना भय एकाच गोष्टीचे, उष्म्याचे. त्या भयाचा आणि त्यावरील उपायांचा हा इतिहास.

२/
प्रथम तारपा. वाळवलेला दुधी हा त्याचा वायुकोश. त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या, नळ्यांच्या आतल्या टोकांना कंप पावणाऱ्या जिभल्या आणि दुसऱ्या टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नर्तकांची साखळी त्याच्याभोवती फिरते. वारली चित्रांतले ते प्रसिद्ध नागमोडी वर्तुळ याच वाद्याभोवतीचे. जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे या परंपरेतले ख्यातनाम वादक.

३/
तारप्याचे मर्म त्याच्या सांध्यांत आहे. दुधी आणि नळ्या यांतील फटी मधमाशीच्या मेणाने बुजवलेल्या असतात. फट राहिली तर वारा निसटतो आणि जिभली बोलत नाही. हे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. परंतु त्याच्या बऱ्याच आधी, चाळिशीच्या आसपास, ते बोटाने दबण्याइतके मऊ होते. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या जागी ठेवलेला तारपा म्हणूनच आपला सूर गमावू शकतो.

४/
या दुर्बलतेतच त्याचे सामर्थ्यही आहे. मऊ झालेले मेण पुन्हा दाबता येते, वितळलेले पुन्हा ओतता येते. निखारा आणि मेणाचा गोळा एवढ्यावर दुरुस्ती होते, आणि ती करणारा बहुधा वादक स्वतःच असतो. तारपा प्रामुख्याने भात पिकू लागल्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत वाजतो. त्याचा मुख्य हंगाम कडक उन्हाळ्यात येत नाही, ही गोष्टही वाद्याच्या पथ्यावर पडणारी.

५/
उन्हाळ्यात या भागात बोहाडा रंगतो. देवदेवतांचे मुखवटे लावलेली सोंगे रात्रभर नाचतात. साथीला संबळ असतो. येथे उष्म्याची भूमिका उलटी होते. दमट हवेत कातडे सैल पडते व नाद बसतो. मग चर्मवाद्य जाळावर शेकतात. कातडे ताणले जाते आणि आवाज पुन्हा खणखणीत होतो. मेणाचा वैरी तो कातड्याचा मित्र. कोणत्या वाद्याला किती ऊब द्यावी, हे ज्ञान वादकाच्या हातात होते.

६/
भोपळ्याचे दुसरे राज्य मिरजेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरजेचा तानपुरा देशभर गेला. २०२४ मध्ये तेथील सतार व तानपुरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या भोपळ्याचे व लाकडाचे सांधे सरसाने जोडण्याची पद्धत जुनी. सरसही उष्णतेने व ओलाव्याने सुटतो. शिवाय चार-पाच फुटांचा नाजूक तानपुरा रेल्वेच्या डब्यात नेणे ही गवयांची कायमची चिंता.

७/
या चिंतेला विजेने उत्तर दिले. १९७९च्या सुमारास बंगळूरचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारी श्रुतिपेटी आणली. पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरोघरी पोहोचला. भोपळा फुटण्याचे, सरस सुटण्याचे भय संपले. वाद्य पिशवीत मावू लागले. मात्र उष्म्याचा प्रश्न सुटला नव्हता. तो लाकडातून निघून मंडलात शिरला होता.

८/
त्याचा सर्वांत स्पष्ट अनुभव अमेरिकेत आला. १९६४ मध्ये रॉबर्ट मूग यांनी आपला सिंथेसायझर सादर केला. १९७० मध्ये सहज नेता येणारा मिनीमूग आला. या वाद्यांत स्वराची उंची विद्युत्दाबाने ठरे आणि ते गणित ट्रान्झिस्टरवर अवलंबून असे. ट्रान्झिस्टरचा हा गुणधर्म दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्याने बदलतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण कानाला तो क्षुल्लक नाही.

९/
तापमान १० अंशांनी चढले आणि उपाय केलेला नसेल, तर एका सप्तकाचे अंतर सुमारे ३.३ टक्क्यांनी बिघडते. सप्तकात बारा अर्धस्वर. म्हणजे चूक अर्धस्वराच्या सुमारे दोन-पंचमांशाइतकी. थंड गाडीतून आणलेले वाद्य रंगमंचावरील दिव्यांच्या झोतात तापले की कार्यक्रमाच्या मध्येच बेसूर होई. वादक आधी वाद्य चालू करून तापू देत आणि मगच सूर लावत. संबळ शेकण्याचीच ही नवी आवृत्ती.

१०/
अभियंत्यांनी दोन मार्ग काढले. एक, तापमानाबरोबर उलट दिशेने बदलून चूक भरून काढणारा विशेष रोधक. दुसरा अधिक गमतीचा : ट्रान्झिस्टरच्या जोडीलाच चिमुकला तापक जोडून तिला कायम एकाच उबेत ठेवणे. नंतरच्या मिनीमूगमध्ये अशी तापवलेली जोडी वापरली गेली. बाहेरची हवा कशीही असो, आत ऋतू एकच.

११/
१९८० पासून कॅसिओचे स्वस्त कीबोर्ड आले, १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. अंकीय वाद्यांत सूर क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर चालतो, आणि तो तापमानाने नगण्यच ढळतो. बेसूर होण्याचा प्रश्न मिटला. महाराष्ट्रातल्या वाद्यवृंदांत ‘कॅसिओ’ हे कीबोर्डचे सामान्यनामच झाले. जोडीला ऑक्टोपॅड आला. वाद्य आता उन्हात सूर सोडत नाही. सोडते ते एकदम प्राणच.

१२/
कारणे साधी आहेत. बहुतेक कीबोर्ड सुमारे ५ ते ४० अंशांत वापरण्यासाठी बनवलेले असतात. बाहेर ३५ अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तासाभरात ५० अंश सहज ओलांडले जातात. तेथे पडदा काळवंडतो, पट्ट्या वाकतात, लिथियम बॅटरी फुगण्याचा धोका वाढतो. मंडलातील इलेक्ट्रोलायटिक संधारित्रांचे आयुष्य, ढोबळ नियमानुसार, दर १० अंशांना निम्मे होते. हा ऱ्हास त्या दिवशी दिसत नाही. दोन वर्षांनी दिसतो.

१३/
दुसरे भय ओलाव्याचे. जव्हारचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. नाशिकहून त्र्यंबकेश्वर-मोखाडा मार्गे वातानुकूलित गाडीतून थंडगार झालेले वाद्य पावसाळी हवेत उघडले, की मंडलावर दव धरते. त्याच क्षणी वीज दिली तर नको त्या ठिकाणी प्रवाह वाहतो.

१४/
म्हणून जाणते वादक काही पथ्ये पाळतात. प्रवास पहाटे किंवा रात्री. वाद्य शेवटी चढवायचे, आधी उतरवायचे. बॅटरी काढता येत असेल तर वेगळी. पेटीला जाड अस्तर आणि वर फिकट कापड. अस्तर उष्णता अडवत नाही, लांबवते. दोन तासांच्या घाटरस्त्याला ते पुरते, दिवसभर उन्हात उभ्या टेम्पोला नाही. पोहोचल्यावर पेटी बंदच ठेवून तासभर थांबायचे. वाद्य आणि हवा यांचे तापमान जुळले की मगच कळ दाबायची.

१५/
यात तारप्याशी एक फरक उरतो. मेण वितळले तर ते वादकाच्या हाताने पुन्हा बसते. जळालेले मंडल मोखाड्याच्या पाड्यावर दुरुस्त होत नाही. ते शहरात जाते, आणि तोवर लग्नसराईची कमाई बुडते. तंत्रज्ञानाने सूर स्थिर केला, त्याबरोबर दुरुस्तीची किल्ली वादकाकडून काढून घेतली. त्याच्या हाती उरली ती केवळ वाटेवरची काळजी.

१६/
मेण कधी मऊ होते, कातडे किती शेकावे, हे जाणणाऱ्या पिढ्या या डोंगरात आहेत. टेम्पोत कीबोर्ड चढवणारा तरुण पुष्कळदा त्याच घरांतला असतो. सावली धर, घाई करू नको, वाद्याला हवेची सवय होऊ दे : आजोबांनी तारप्यासाठी पाळलेले हे नियम त्याच्या कीबोर्डलाही जसेच्या तसे लागू पडतात.