काळी चुनखडीयुक्त मृदा व तिची प्रतबंदी (ठाणे–कल्याण परिसर)

ज्या काळसर, खोल व मृत्तिकाप्रधान जमिनीच्या स्तरांत कॅल्शियम कार्बोनेट बारीक कणांच्या वा खड्यांच्या स्वरूपात साठलेले असते, तिला काळी चुनखडीयुक्त मृदा म्हणतात. रशियातील चेर्नोझेम, उत्तर अमेरिकेतील प्रेअरी प्रदेशाची चुनखडीयुक्त पोयटा मृदा आणि दख्खनच्या पठारावरील रेगूर यांत रंग, खोली व चुन्याचा अंश यांबाबतीत बाह्य साम्य आहे. या साम्यामुळे त्यांची सांगड पूर्वी वारंवार घातली गेली; परंतु ती वरवरची आहे. प्रेअरी मृदेचा काळेपणा मुख्यतः गवतांच्या मुळांपासून शतकानुशतके साठत आलेल्या ह्यूमसाचा असतो. रेगूरमध्ये जैव पदार्थांचे प्रमाण बहुधा एक टक्क्याच्या आसपासच आढळते. हा अल्प अंश मृत्तिकेच्या कणांशी घट्ट निगडित असल्याने तेवढ्यानेही जमिनीला गडद रंग येतो.

महाराष्ट्रात ही मृदा आपल्या पूर्ण लक्षणांनिशी सह्याद्रीच्या पूर्वेस आढळते. पश्चिमेस उल्हास नदी व तिला मिळणाऱ्या बारवी, काळू, भातसा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे कल्याण, डोंबिवली, टिटवाळा, बदलापूर या टापूत आढळणारी काळी भातजमीन ही तिचीच भावंड होय. दोन्हींचा जनक खडक एकच, दख्खनचा बेसाल्ट. फरक पावसाचा आहे. आणि या फरकाकडे पाहण्याची दृष्टी महसूल खात्याला व मृदाशास्त्राला कशी क्रमाक्रमाने येत गेली, हाच या जमिनीच्या वर्गीकरणाचा इतिहास आहे.

गुणधर्म : बेसाल्टातील प्लॅजिओक्लेज फेल्स्पार व पायरोक्सीन ही खनिजे कुजताना कॅल्शियम व मॅग्नेशियम मुक्त होतात आणि माँटमोरिलोनाइट गटातील मृत्तिका तयार होते. ही मृत्तिका ओली झाली की फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात जमिनीला खोल भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते आणि पावसाळ्यात खालचे थर फुगून एकमेकांवर घासले जातात. जमीन ‘स्वतःच स्वतःला नांगरते’ अशी शेतकऱ्यांची समजूत आहे, तिला असा आधार आहे. पठारावर जेथे वर्षाकाठी पाचशे ते सातशे मिमी. पाऊस पडतो, तेथे मुक्त झालेले कॅल्शियम वाहून न जाता खालच्या थरांत कार्बोनेटरूपाने साचते व त्याचे खडे बनतात. अशा जमिनीचे पीएच मूल्य साधारणतः ७.५ ते ८.५ असते. चुन्यामुळे माती रवाळ राहते. मात्र फॉस्फरस पिकांना सहज न मिळणाऱ्या संयुगांत अडकून पडतो, तसेच लोह व जस्त यांची टंचाई होऊन पाने पिवळी पडतात. थोडा चुना उपकारक आणि पुष्कळ चुना अपायकारक, असे याचे तात्पर्य आहे.

ठाणे–कल्याण परिसरात पाऊस सु. २,५०० मिमी. पडतो आणि तोही जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पाण्याबरोबर सुटे कार्बोनेट बव्हंशी धुऊन जाते. तरीही खोऱ्यातील सखल जमिनीत निचरा मंद असल्याने मृत्तिकेवरील विनिमयक्षम कॅल्शियम टिकून राहते आणि जमीन दक्षिण कोकणातील जांभ्याच्या जमिनीइतकी आम्ल होत नाही. उतारावरील माती मात्र उथळ, तांबूस व मुरमाड असते. खाडीकाठच्या गाळात आढळणाऱ्या चुन्याचा उगम निराळा आहे : तो शिंपल्यांच्या चुऱ्याचा असतो, बेसाल्टाचा नव्हे. केवळ आम्ल टाकून फेस येतो की नाही एवढ्यावर जमिनीची जात ठरविणारा निरीक्षक येथे हमखास फसेल.

प्रतबंदीचा इतिहास : मराठेशाहीच्या काळात उत्तर कोकणात जमीन न मोजता एकरकमी आकार ठरविण्याच्या हुंडाबंदी, मुडाबंदी यांसारख्या पद्धती रूढ होत्या. मुडा हे धान्याचे माप. शेतातून किती मुडे यावयाचे यावर आकार ठरे, माती कशी आहे यावर नव्हे. १७८८ च्या सुमारास सरसुभेदार सदाशिव केशव यांनी भातजमिनी बिघ्यांत मोजून त्यांच्या तीन प्रती ठरविल्या. या भागातील मोजणीवर आधारलेल्या प्रतबंदीचा तो महत्त्वाचा आरंभ मानता येईल.

इंग्रजी अमदानीत आर. के. प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात १८३० च्या सुमारास निव्वळ उत्पन्नाच्या तात्त्विक हिशेबावर आकारणी बसविली. ती रयतेला झेपली नाही आणि सोडून द्यावी लागली. त्यानंतर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. तिचे नियम गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात स्थिर झाले. मुंबई इलाख्यातील जमिनीचा आकार पुढे दीर्घकाळ याच पायावर उभा राहिला, म्हणून ही पद्धत थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे.

प्रतबंदी करणारा कारकून शेताचे सारखे भाग पाडी व प्रत्येक भागात खणून मातीचा पोत, रंग आणि खोली पाही. पोतावरून जमिनीचे तीन वर्ग करीत : पहिला एकसारख्या बारीक पोताचा, काळा ते गडद तपकिरी, दुसरा एकसारखा पण काहीसा भरड, बहुधा तांबूस, तिसरा खडेयुक्त वा सुटा, फिकट. खोली हातांत मोजली जाई. पहिल्या वर्गातील पावणेदोन हात खोल जमीन सोळा आण्यांची. खोली पाव हाताने कमी झाली की प्रत उतरे. एकंदर नऊ प्रती असून सर्वांत हलकी दोन आण्यांची होती. पावणेदोन हातांपलीकडील खोलीचा विचार केला जात नसे. याखेरीज सात दोष ठरविलेले होते व नकाशावर त्यांची चिन्हे मांडीत : चुनखडीच्या खड्यांची भेसळ, वाळूची भेसळ, उतार, कणांमध्ये चिकटपणा नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने धुपण्याचा संभव आणि झऱ्यांमुळे येणारा अतिरिक्त ओलावा. प्रत्येक दोषामागे जमीन एक प्रत खाली येई. आकार तीस वर्षांसाठी कायम होत असल्याने एका चिन्हाचा परिणाम एका पिढीच्या सरकारदेण्यावर होत असे.

चुनखडी दोषांत सर्वप्रथम मोडली गेली, हे इंदापुराकडे पाहता स्वाभाविक होते. तेथे पाऊस जेमतेम पाचशे मिमी. आणि जमिनीची किंमत तिच्या ओल धरून ठेवण्यावर अवलंबून. चुनखडीच्या खड्यांनी जागा अडली की तेवढी माती, म्हणजे तेवढी ओल, कमी. खोलीला दिलेले महत्त्वही त्याच विचारातले आहे. विंगेट यांना मृदेचे रसायन अवगत नव्हते. पण कोरड्या शेतीत काय मोलाचे आहे हे त्यांनी अचूक हेरले होते. पुढे शास्त्रज्ञांनी या प्रतबंदीला ‘अशास्त्रीय’ म्हणून हिणविले, ते पूर्णतः न्याय्य नाही.

अडचण आली ती पद्धत घाट उतरून आल्यावर. १८५० नंतर ठाणे जिल्ह्यात नव्या मोजणीचे काम सुरू झाले, तेव्हा इंदापूरचे कोष्टक भातखाचरांना तसेच लावणे शक्य नव्हते. पाणी न मुरणे हा पठारावरचा दोष. खाचरात तोच गुण, कारण चिखलणी केलेल्या जमिनीवर पाणी उभे राहिले नाही तर आवण जगत नाही. झऱ्याची ओल तेथे दोष; येथे ती पावसाच्या ताणात पीक वाचविते आणि भात निघाल्यावर वाल, हरभरा यांना पुरते. चुनखडीचा दोष तर कागदावरच राहण्याजोगा, कारण तिचे खडे येथे क्वचितच आढळतात. म्हणून कोकणात भातजमिनीची प्रत ठरविताना मातीच्या जोडीला पाण्याची सोय व खाचराची जागा यांचे आणे वेगळे धरण्यात आले. गोडे भात, खारे भात, वरकस व बागायत असे प्रकारही स्वतंत्र मानले गेले. शिवाय गावांचे दरगट पाडताना हवामान व बाजारपेठेची जवळीक विचारात घेतली जाई. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आगगाडी आली आणि मातीचे आणे न बदलताही जमिनीचे मोल बदलण्याचे कारण निर्माण झाले.

खाऱ्या भातजमिनी हे खाडीकाठचे वैशिष्ट्य. बांध घालून भरतीचे पाणी अडविले आणि काही पावसाळ्यांत मीठ धुऊन गेले की तेथे भात होतो. पुष्कळदा नांगरणी न करता मोड आलेले बी चिखलात फेकतात. शिलोत्री हा या उठविलेल्या जमिनींचा जुना हक्कप्रकार. बांध फुटला तर एका भरतीत अनेक वर्षांची मेहनत वाया जाते, त्यामुळे या जमिनीची प्रत मातीइतकीच बांधाच्या स्थितीवर अवलंबून असते. १९४८ चा खार जमीन कायदा व १९७९ चा खारभूमी विकास कायदा यांनी बांधांच्या देखभालीत शासनाला वाटा दिला.

वरकसाची उपेक्षा मात्र खरी. डोंगरउतारावरील ही उथळ जमीन नाचणी, वरी अशा पिकांची म्हणून हलकी गणली गेली. पण भाताच्या रोपवाटिकेसाठी लागणारा राब, म्हणजे जाळावयाचा पालापाचोळा व टहाळ, येथूनच आणि लगतच्या रानातून येई. वरकस गेली तर खाचर अडते, हा संबंध शेतागणिक आणे मांडणाऱ्या कोष्टकात मावणारा नव्हता. जंगल खात्याचे निर्बंध वाढले तेव्हा राबावरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष झाला आणि १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला.

शास्त्रीय वर्गीकरण : सरकारच्या निमंत्रणावरून आलेले कृषिरसायनज्ञ व्होल्कर यांनी १८९३ मध्ये व लेदर यांनी १८९८ मध्ये भारतीय जमिनींचे गाळाची, काळी, तांबडी व जांभ्याची असे चार ढोबळ गट पाडले. याच सुमारास रशियात डोकुचायेव्ह यांनी चेर्नोझेमवरील आपल्या १८८३ च्या ग्रंथाने मृदा ही केवळ खडकाची भुकटी नसून हवामान, वनस्पती, भूरूप व काल यांनी घडलेली स्वतंत्र वस्तू आहे, हा विचार रुजविला होता. भारतात तो उशिरा पोहोचला. १९५१ मध्ये ओक्स व थॉर्प यांनी रेगूर, मोरोक्कोतील टिर्स व टेक्सासच्या प्रेअरीतील काळ्या मृत्तिका यांना ग्रुमुसॉल या एका नावाखाली आणले. १९६० च्या अमेरिकन पद्धतीत त्यांचा व्हर्टिसॉल हा स्वतंत्र गण झाला, तर खरी प्रेअरी मृदा मॉलिसॉल गणात गेली. चुना हे गण ठरविणारे लक्षण राहिले नाही. फुगणे व आकसणे हे ठरले. टेक्सासमधील ह्यूस्टन ब्लॅक ही प्रेअरीतली चुनखडीयुक्त माती अशा रीतीने आपल्या शेजारणींपेक्षा रेगूरला जवळची ठरली.

नागपूर येथे १९७६ मध्ये राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन केंद्र स्थापन झाल्यावर महाराष्ट्राचे आधुनिक मृदा नकाशे तयार झाले. या पद्धतीने पाहता सह्याद्रीच्या पायथ्याची उथळ माती एन्टिसॉल, खोऱ्यातील बरीचशी भातजमीन इन्सेप्टिसॉल आणि सखल भागातील खोल काळी जमीन व्हर्टिसॉल ठरते.

दरम्यान ती जमीनच शेतीतून निघून जाऊ लागली होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर निर्वासितांची वसाहत होऊन १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडले; १९६० नंतरच्या दशकात डोंबिवलीस औद्योगिक वसाहत आली. १९८२ मध्ये ठाणे व १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. सपाट, सखल, रेल्वेलगतची म्हणून आधी व्यापली गेली ती बहुतांशी उत्तम प्रतीची भातजमीन. पाणी धरून ठेवण्याचा तिचा गुण इमारतींना बाधक असतो. पाया उथळ काळ्या मातीतच ठेवल्यास दर पावसाळ्यात ती फुगून व उन्हाळ्यात आकसून भिंतींना तडे पाडते. त्यामुळे पाया मुरूम वा कातळापर्यंत न्यावा लागतो, किंवा काळा थर काढून मुरमाची भर घालावी लागते. काढलेली माती बहुधा भरावासाठी दुसरीकडे जाते आणि तिच्यातील थरांचा क्रम, म्हणजे जिच्यावरून मृदा ओळखावयाची ती खूणच, नाहीशी होते.

महसुली दप्तरात मात्र जुनी प्रतबंदी टिकून आहे. या भागातील सातबाऱ्यावर जिरायत, बागायत, तरी, वरकस असे प्रकार व एकोणिसाव्या शतकातील मोजणीशी नाते सांगणारा आकार नोंदलेला असतो. त्यांतील ‘तरी’ म्हणजे भातजमीन. जमीन बिनशेती झाली की ही नोंद बदलते.